साडेत्रेसष्ट अंश

स्मरणिकेसाठी लेख मागवले तेव्हा सहल, स्नेहसंमेलन आणि मधल्या सुट्टीतला वडापाव हे विषय ग्रुपवर पहिल्या दहा मिनिटांतच वाटले गेले. माझ्या वाट्याला 'शाळेच्या परिसराचा इतिहास' आला. त्याला आधार एवढाच, की माझी आई अजून तिथे राहते आणि मी दर शनिवारी तिकडे जाते. इतिहासाच्या पेपरात मी सनावळ्यांची काय वाट लावायचे ते बाईंना आठवत असेलच. तरी नाही म्हटलं नाही. गेली दोन वर्षं एका घरगुती कारणाने मी याच विषयात अडकले होते. ते कारण पुढे येईलच.

दहावीच्या भूमितीतली मनोऱ्यांची गणितं आठवतात? मनोऱ्याच्या पायथ्यापासून अमुक मीटरवर उभ्या असलेल्या निरीक्षकाला मनोऱ्याचं टोक तमुक अंशांच्या उन्नत कोनात दिसतं, तर मनोऱ्याची उंची काढा. हा निरीक्षक कोण, त्याला दुसरा कामधंदा नाही का, असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं होतं आणि सर आधी हसले, मग त्याला बाहेर काढलं. त्या गणितांतले कोन कायम ३०, ४५ नाहीतर ६० अंशांचे असत. आपण ज्या गल्ल्यांतून शाळेत जात होतो त्या मात्र ६३.५ अंशांवर बेतलेल्या होत्या, हे तेव्हा आपल्याला कुणी सांगितलं नाही.

गोष्ट सुरू होते ती दादरपासून लांब, मांडवीत. सप्टेंबर १८९६ मध्ये तिथल्या एका रुग्णाला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तपासलं आणि हा गाठीचा प्लेग आहे, असं निदान केलं. पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसं मुंबई सोडून गेली. गिरण्या, गोदी, बाजार सगळं थंडावलं. सरकार हादरलं ते माणसांच्या मरणाने किती आणि व्यापार बसल्याने किती, हा हिशेब बाजूला ठेवू. परिणाम म्हणून १८९८ मध्ये कायदा झाला आणि 'बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' ही संस्था उभी राहिली. आपल्याकडे ती 'बीआयटी' म्हणून माहीत आहे, बीआयटी चाळी म्हणतात त्यातली.

प्लेग कसा पसरतो हे तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं. दमट जमीन, कोंडलेली हवा आणि अंधार यातून रोग उपजतो, असं बहुतेक डॉक्टरांना आणि झाडून सगळ्या इंजिनिअरांना वाटत होतं. ज्या १८९८ मध्ये ट्रस्ट स्थापन झाला त्याच वर्षी कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे दाखवून दिलं. पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. तोवर ट्रस्टचं काम सुरू झालं होतं: दाट वस्त्या पाडायच्या, समुद्रावरची हवा आत यावी म्हणून रुंद रस्ते काढायचे. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे त्यातूनच निघाले. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही कधी कधी चुकीचं कारण धरून कोड बदलतो आणि तरीही प्रोग्रॅम चालायला लागतो. नंतर त्या बदलाला हात लावायची कुणाची हिंमत होत नाही. ट्रस्टचे रस्ते मला तसे वाटतात.

या सगळ्याला एक काळी बाजू होती. नागपाड्यात आणि इतरत्र जी घरं पाडली त्यांतल्या माणसांना ट्रस्टच्या नव्या चाळी पुरल्या नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत शिरली आणि दाटी हटवायला निघालेल्या ट्रस्टने दाटी नुसती सरकवली. हे ट्रस्टच्याही लक्षात आलं. मग भर हळूहळू दुसऱ्या वाटेकडे वळला: शहराच्या उत्तरेला शेतं, बागा आणि मिठागरं आहेत तिथे आधी रस्ते, गटारं, पाणी न्यायचं आणि मध्यमवर्गाला तिकडे ओढायचं, म्हणजे जुन्या वस्तीवरचा ताण आपोआप कमी होईल. दादर, माटुंगा, वडाळा, शीव इथल्या जमिनी ताब्यात घेऊन भूखंड पाडले गेले. आपली शाळा, आपल्या बहुतेकांची घरं, पाच उद्यानं, पुढे जिथे मी इंजिनिअरिंग केलं ती १९२३ मध्ये माटुंग्याला आलेली व्हीजेटीआय, हे सगळं त्या नकाशावरचं आहे.

आता ते साडेत्रेसष्ट. जे. पी. ऑर हे सनदी अधिकारी ट्रस्टचे अध्यक्ष होते. मुंबईतल्या घरांतला उजेड आणि हवा या विषयावर त्यांनी १९१२ मध्ये एक व्याख्यान दिलं होतं. त्यांचा आग्रह एका साध्या नियमाचा होता. खोलीच्या बाहेरच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ काढा. ती जमिनीशी ६३.५ अंशांपेक्षा जास्त कोन करत असेल तर त्या खोलीला पुरेसं आभाळ मिळत नाही. विलायतेत ४५ अंश हा आदर्श मानला जाई. मुंबईत सूर्य माथ्यावर असतो आणि जमीन सोन्याच्या भावाची, म्हणून इथे जरा ढील दिली.

पण ६० नाही, ६५ नाही, साडेत्रेसष्टच का? लॉगच्या पुस्तकात स्पर्शिकेचं, म्हणजे टॅनचं कोष्टक उघडा. ६३ अंश २६ मिनिटांचा टॅन बरोबर २ येतो. म्हणजे नियम मराठीत असा: समोरची इमारत तुमच्यापासून जितक्या अंतरावर आहे त्याच्या दुपटीपेक्षा उंच नको. हे गवंड्यालाही दोरी लावून मोजता येतं. गणित मांडणाऱ्याने ते वापरणाऱ्याचाही विचार केला होता, म्हणून मला हा नियम फार आवडतो.

या नियमाने आपलं लहानपण कसं आखून दिलं ते पाहा. आपल्याकडच्या इमारती तळमजला आणि वर दोन मजले, चारी बाजूंना मोकळी जागा. मजल्याची उंची बारा फुटांच्या आसपास, म्हणजे इमारत छत्तीस-अडतीस फूट. मग दोन इमारतींत अठरा-वीस फुटांचं अंतर आलंच. वीस फुटांत काय काय होतं? अंडरआर्म क्रिकेट होतं. तिसऱ्या बॉलला चेंडू तळमजल्यावरच्या आजोबांच्या गॅलरीत गेला तर आउट, हा नियम त्या अंतरानेच घातलेला. वरच्या मजल्यावरून आईने मारलेली हाक वीस फुटांवर आणि दोन मजले खाली नीट ऐकू येते, आणि 'ऐकू आलं नाही' ही थाप पचत नाही. समोरच्या गॅलरीतल्या काकूंशी न ओरडता बोलता येतं, पण त्यांच्या ताटात काय आहे ते दिसत नाही. गच्चीवर पापड घालायचे आणि गॅलरीत बसून काठीने कावळे हाकायचे, हेही जमतं. सातवीत मी बऱ्यापैकी गुण मिळवून घरी आले आणि निकाल आईच्या आधी समोरच्या इमारतीला कळला, त्याचं श्रेय ऑरसाहेबांना द्यायला हरकत नाही.

शिवाजी पार्कवाले वर्गमित्र इथे नाक मुरडतील. त्यांचं मैदान १९२५ मध्ये महापालिकेने खुलं केलं, १९२७ मध्ये अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने त्याला महाराजांचं नाव मिळालं, आणि भोवतालच्या कट्ट्यावर अर्ध्या महाराष्ट्राचं राजकारण, क्रिकेट आणि लग्नं ठरली. मान्य. पण तो लेख पश्चिमेच्या कुणीतरी लिहावा. आम्ही पूर्वेचे, टीटीचे. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस, हे आपल्या मुलांना सांगावं लागतं, कारण शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली आणि नाव मात्र बसच्या कंडक्टरांच्या तोंडी राहिलं.

तर उजेडाचा हा नियम सगळ्यांना सारखा होता का? हे वाचताना मला सर्वात जास्त थांबवलं ते एका पत्त्याने. ट्रस्टने गरिबांसाठी बांधलेल्या चाळींपैकी एक परळला. तिथल्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ पासून १९३४ पर्यंत, मधली परदेशातली वर्षं सोडली तर, राहिले. नळ आणि संडास मजल्यावर सामाईक, खोल्यांत माणसं आणि पुस्तकं. तिथून ते आले आपल्या हिंदू कॉलनीत, स्वतः बांधलेल्या 'राजगृहा'त. पुस्तकांना जागा हवी हे त्या घरामागचं मोठं कारण होतं. परळची चाळ आणि कॉलनीतले भूखंड, दोन्ही एकाच ट्रस्टचे. अंतर काही किलोमीटर. एका ठिकाणी कुटुंबाला एक खोली, दुसऱ्या ठिकाणी चारी बाजूंना मोकळी जागा. आपण शाळेतून राजगृहासमोरून कितीदा गेलो. सहा डिसेंबरला रांगा पाहिल्या, आजूबाजूच्या बंद खिडक्याही पाहिल्या, आणि दारं-खिडक्या बंद करणाऱ्या काही घरांत आपणच राहत होतो. हे स्मरणिकेत लिहावं की नाही यावर मी बराच विचार केला. लिहिते आहे.

आपल्या इमारतींच्या मागच्या बाजूचा लोखंडी गोल जिना आठवतो का? लपाछपीत आपण तो वापरायचो. घरातच संडास असलेला 'ब्लॉक' ही त्या काळी नवी गोष्ट होती. चाळीतून आलेल्या मंडळींना घरात संडास ही कल्पनाच पचत नव्हती. सोवळ्याचं काय, हा खरा प्रश्न होता. त्यावर तोडगा निघाला तो नकाशात. संडास एका टोकाला, मागच्या बाजूला, आणि साफ करणाऱ्या माणसाने पुढच्या जिन्याने न येता मागून यावं म्हणून वेगळा जिना. निखिल राव या इतिहासकाराने माटुंगा-दादरच्या या ब्लॉकांवर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. ते वाचल्यावर मला त्या जिन्याकडे पूर्वीसारखं बघता येत नाही. उजेड आणि हवा कोनांनी मोजली, कोण कुठल्या जिन्याने येणार हेही त्याच निळ्या नकाशावर ठरलं. भूखंडही जमातींनी वाटून घेतल्यासारखे. पारशी कॉलनीसाठी ट्रस्टमधलेच एक इंजिनिअर, मंचेरजी जोशी, यांनी भांडून १०३ भूखंड राखून घेतले. पाच उद्यानांना त्यांचं नाव आहे. पलीकडे माटुंग्यात तमिळ मंडळी, आणि मध्ये आपण.

ट्रस्ट १९३३ मध्ये महापालिकेत विलीन झाला. त्यानंतर आपल्या गल्ल्यांवर राज्य केलं ते १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने. भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. माझे आजोबा जे भाडं भरत होते त्यात आणि आई आज भरते त्यात फरक आहे, पण एका वेळच्या भाजीइतकाच. अशा भाड्यात मालक गिलावा तरी कुठून करणार? लोखंड फुगलं, छज्जे पडले. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आलं आणि उपकर बसला. आपण दहावीला असताना, १९९४ मध्ये, आमच्या जिन्याखाली पहिला लाकडी टेकू लागला. आजही तो आहे आणि त्याला आता सोबती बरेच आहेत.

एव्हाना इमारती मोजण्याचं मापही बदललं होतं. कोन मागे पडला आणि एफएसआय आला. जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधायचं, हा तो आकडा. १९९१ च्या विकास नियमावलीत बेट-शहरासाठी तो १.३३ होता, जुन्या उपकरप्राप्त इमारती पाडून नव्या बांधणाऱ्याला त्याहून बराच जास्त. त्यात भाडेकरूंना फुकट घर आणि उरलेलं बिल्डरला विकायला. योजना म्हणून वाईट नाही. नाहीतर ही माणसं टेकूंखालीच राहिली असती. पण एफएसआय फक्त किती बांधलं ते मोजतो. शेजाऱ्याला किती आभाळ उरलं हे त्या आकड्यात कुठेच येत नाही. मोकळ्या जागेचे वेगळे नियम आहेत, आणि ती कमी पडली तर प्रीमियम भरून सवलत मिळते. उजेड भरपाई देऊन घेता येतो, एवढाच याचा अर्थ.

उजेडाने प्लेग बरा होत नव्हता, हे खरं. पण क्षय नावाचा दुसरा रोग मुंबईतून कधीच गेला नाही आणि त्याचं हवा-उजेडाशी खरंच नातं आहे. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींची 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेने आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांबरोबर पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. दोन इमारतींत जेमतेम तीन मीटर अंतर असलेल्या वसाहतींत क्षयाचे रुग्ण जास्त, त्यातही खालच्या मजल्यांवर जास्त, आणि जिथे इमारती एकमेकींपासून लांब तिथे कमी. सात-आठ मजली इमारत, म्हणजे साधारण चोवीस मीटर, आणि तीन मीटरचं अंतर. टॅन ८. कोन ८३ अंशांच्या आसपास. ऑरसाहेबांचं व्याख्यान होऊन तेव्हा शंभरावर वर्षं लोटली होती.

आता माझं घरगुती कारण. आईची इमारत पुनर्विकासाला गेली आहे. भाडेकरूंच्या बैठकांना मी तिच्या वतीने जात होते. वास्तुविशारदाच्या माणसाने नकाशे पसरले तेव्हा सगळे आपापल्या फ्लॅटचा कार्पेट एरिया पाहत होते. मी बाजूचं अंतर पाहिलं. नव्या इमारतीची उंची ६९.५ मीटर. आपल्या बाजूला सोडलेली जागा ६ मीटर, समोरच्या जुन्या इमारतीची ३, मिळून ९. मोबाइलवर आकडेमोड केली. ८२.६ अंश. मी तिथेच विचारलं, समोरच्या तळमजल्यावरच्या माणसांना काय उरणार? तो तरुण मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "मॅडम, सगळं नियमात बसतंय." बसत होतं. मीही तपासलं.

घरी येऊन आईला कागदावर आकृती काढून दाखवली. आता आहे तो कोन बासष्ट, होणार तो ब्याऐंशी. तिने चष्मा लावून नीट पाहिली. मग म्हणाली, "बेचाळीस पायऱ्या आहेत. गेल्या पावसाळ्यापासून मी खाली उतरलेली नाही. दवाखान्यात नेताना तुम्ही खुर्चीत बसवून चौघं उचलता, तेव्हा मी डोळे मिटून घेते. मला लिफ्ट पाहिजे. तुझे अंश घेऊन काय करू?"

मी तिची सही घेतली आणि साक्षीदार म्हणून खाली माझीही केली.

समोरच्या इमारतीत तळमजल्यावर आपल्याच वर्गातला एक जण राहतो. नाव लिहीत नाही. त्याच्याच गॅलरीत चेंडू गेला की आउट असायचं, आणि ते आजोबा त्याचे. तो हे वाचेल. सही केल्यावर सहा महिने मी त्याला टाळलं. शनिवारी जाताना पलीकडच्या फुटपाथने जायचे. संमेलनाच्या तयारीच्या बैठकीत तो समोर आला तेव्हा सांगून टाकलं, कोनासकट. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, दिवसा ट्यूब आम्ही तशीही लावतोच, मधला आंबा केव्हाच वाढलाय. आणि आमची इमारतही पुढच्या वर्षी जाणार आहे, तेव्हा तुझ्या आईच्या सातव्या मजल्यासमोर आमचा टॉवर येईल. "तेव्हा बघ मग तुझा कोन," असं म्हणून हसला. त्याच्या मुलाला कॅल्क्युलेटर मागून आम्ही तोही काढला. दोन्ही टॉवर झाल्यावर मधलं अंतर १२ मीटर. सातव्या मजल्यावरून कोन सत्त्याहत्तरच्या वर.

अजून पाडकाम सुरू झालेलं नाही. संमेलनाच्या दिवशी शाळेतून निघाल्यावर ज्यांना वेळ आहे त्यांनी गल्लीत या. दुपारी बाराला समोरच्या भिंतीवर ऊन कुठपर्यंत उतरतं ते बघू. डिसेंबरात मुंबईत सूर्य दुपारी साडेसत्तेचाळीस अंशांवरच असतो, त्यामुळे अगदी खालपर्यंत पोचणार नाही. पूर्वीही पोचत नसे. टेप मी आणते.